अभ्यासिकेचं वायफाय: पासवर्ड बदलला तरी आठ दिवसांत बाहेर

टिळकवाडीकर:
बेळगावात 40 खुर्च्यांची अभ्यासिका आहे. वायफायचा पासवर्ड म्हणजे बोर्डावरचाच मोबाईल नंबर. मधे बदलला, तर आठ दिवसांत बाहेरची पोरं परत जिन्यात बसून वापरूलालेत. फीच्या हिशेबाचा कॉम्प्युटर आणि सीसीटीव्हीसुद्धा त्याच राउटरवर. नेटवर्कचं नाव लपवून मॅक फिल्टर (यादीतल्या फोनांनाच आत घेणारी सोय) लावला तर भागेल काय?

खडेबाजार_07:
नाही भागणार. लपवलेलं नाव जोडणारा फोन स्वतःच हवेत बोलून दाखवतो. मॅक पत्ता, म्हणजे फोनचा नेटवर्कवरचा ओळखक्रमांक, तोही उघडाच जातो, त्याची नक्कल करणं सोपं. वर हल्लीचे फोन नेटवर्कगणिक वेगळा मॅक घेतात. 40 जणांची यादी सांभाळता सांभाळता तुमच्याच नाकीनऊ येतील.

मोबाईल नंबर तर आधी काढा. डब्ल्यूपीए2 मध्ये (वायफायच्या नेहमीच्या कुलपात) फोन जोडताना जी देवाणघेवाण होते ती कुणी टिपली, की एकेक पासवर्ड लावून बघायचं काम घरी बसून होतं. नंबर 6 ते 9 ने सुरू होतो, म्हणजे शक्यता 400 कोटी. चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला 10 लाख तपासतं. सव्वा तासाच्या आत खेळ खलास. तुमचा तर बोर्डावरच रंगवलाय, कार्डाचाही खर्च नको!

निपाणी_नेट:
पण इथे कुणी काही फोडलेलं दिसत नाही, पोरांनीच दिलाय. फोनमध्ये 'शेअर' दाबलं की क्यूआर येतो, त्यात पासवर्ड साध्या अक्षरांत असतो. स्क्रीनशॉट ग्रुपवर पडला की झालं. शेजारी बसणाऱ्या मित्राला नाही कोण म्हणणार? तेव्हा दिला तरी बिघडू नये अशी मांडणी करा:

– मुलांना गेस्ट नेटवर्क, म्हणजे त्याच राउटरवरचं पाहुण्यांचं वेगळं वायफाय. त्यातला 'लोकल नेटवर्क वापरू द्या' हा पर्याय बंद, एपी आयसोलेशन (जोडलेले फोन एकमेकांना दिसू न देणारा पर्याय) चालू.
– कॉम्प्युटर आणि डीव्हीआर (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) शक्यतो केबलवर. मुख्य पासवर्ड एकमेकांशी संबंध नसलेल्या चार-पाच शब्दांचा; तो फक्त तुमच्याकडे.
– गेस्टचा पासवर्ड दर 1 तारखेला बदला, नवा फीच्या पावतीवर लिहून द्या. ओमाडा किंवा युनिफाय अशी व्यावसायिक वायफाय यंत्रणा घेतलीत तर माणशी व्हाउचर काढता येतं, एका कोडवर एकच फोन.

खानापूर_रोड:
डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी पिन किंवा बटणाने जोडायची राउटरची सोय) बंद करायला विसरू नका. पिन 8 आकडी दिसतो, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा; म्हणून जास्तीत जास्त 11,000 प्रयत्न. राउटरच्या लॉगिनचा 'अ‍ॅडमिन' पासवर्डही बदला. पोरांना एक सांगून ठेवा: तुमच्याच नावाचं दुसरं, बिनकुलपाचं नेटवर्क दिसलं आणि 'अपडेटसाठी पासवर्ड टाका' असं पान उघडलं, तर ते खोटं.

टिळकवाडीकर:
गेस्ट चालू केलं. आता मुलांना प्रिंटर दिसत नाही म्हणूलालेत.

निपाणी_नेट:
आयसोलेशन असलं की तसंच होणार. प्रिंटरसाठी म्हणून मुख्य पासवर्ड देऊ नका, नाहीतर आठ दिवसांत परत जिना भरला म्हणून समजा. प्रिंटर यूएसबीने काउंटरच्या कॉम्प्युटरला लावा, फाइल ई-मेलने मागवा.