लाखेच्या जुन्या जॅझ तबकड्यांची खरखर

प्रश्न: चोर बाजारात अमेरिकी जॅझ पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांची, १९४०च्या दशकात कलकत्त्यात मुद्रित झालेली, मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी मिळाली, मात्र एलपीच्या (नंतरच्या विनाइल तबकड्यांच्या) सुईवर ती फार खरखरते. स्पिरिटने पुसावी का?

उत्तर १: स्पिरिट मुळीच लावू नका, कारण त्यात लाख विरघळते. लेबल कोरडे ठेवून डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रश वापरा. मुख्य म्हणजे सुई बदला: एलपीची सुई साधारण २५ मायक्रॉनची असते, ७८ची सुमारे ७५, बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी साचलेल्या धुळीतूनच फिरत राहते.

उत्तर २: सहमत. संगणकावर उतरवताना मात्र सगळी खरखर काढू नका, तिच्यासोबत झांजांची चमकही जाते. वेदरफोर्ड आपल्या मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात पियानो वाजवत असत. त्यांचा डावा हात लक्षपूर्वक ऐका, ताल तोच सांभाळतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आधी सुई मागवतो.