बाबांच्या रिटायरमेंटसाठी परदेशात पक्ष्यांच्या शिकारीची ट्रिप, कुठे न्यावं?

रानहळद:

नमस्कार मंडळी. बाबा येत्या मार्चमध्ये रिटायर होतायत, मी आणि धाकटा भाऊ मिळून त्यांना एक ट्रिप द्यायचं ठरवतोय आणि ती पक्ष्यांच्या शिकारीचीच हवी असं आमचं दोघांचं एकमत आहे. आम्ही राहतो तिथे सीझनमध्ये लायसन्स काढून कायदेशीर शिकार करता येते आणि बाबा गेली ३० वर्षं जातायत. बदकं, फेजंट (लांब शेपटीचा, कोंबड्याएवढा पक्षी), कधी तितर. जास्त मारत नाहीत, दोन-तीन पक्षी, घरात खाल्ले जातील तेवढेच. त्यांची एक जुनी बारा बोरची दुनळी आहे, दस्त्यावर जिथे गाल टेकतो तिथलं पॉलिश पार उडून लाकूड गुळगुळीत झालंय. घरी आले की आधी ती पुसायची, नळीतून तेलाचा बोळा फिरवायचा, कपाटात कुलूपबंद करायची, मगच पायातले बूट काढणार.

आता अडचण. वय ६४, उजवा गुडघा दुखतो, बीपीची गोळी चालू आहे आणि डाव्या कानाने थोडं कमी ऐकू येतं. दोन वर्षांपूर्वी आमचा कुत्रा गेला तेव्हापासून त्यांचं जाणंही कमी झालंय, मागच्या सीझनमध्ये फक्त एकदा गेले. भाऊ म्हणतो अर्जेंटिनाला कोर्दोबाला नेऊ, तिथे म्हणे दिवसाला हजार-हजार काडतुसं उडवतात. मला स्कॉटलंड बरं वाटतंय पण ते नुसते फोटो बघून, खरं काही माहीत नाही. स्वतःची बंदूक न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी? सरप्राइज द्यावं की आधी सांगावं? सोबत मी जाणार आहे, मला स्वतःला नेम धरता येत नाही. कुणी आईवडिलांना असं नेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

बारा_बोर:

मी वडिलांना कोर्दोबाला नेलं होतं, तेव्हा ते ६६ चे होते, म्हणून लिहितोच. तिथे जो पक्षी आहे तो होल्याच्या जातीचा, इअर्ड डव्ह म्हणतात. शेतातल्या धान्यावर प्रचंड वाढलाय, सरकार त्याला पिकांवरची कीड धरतं, त्यामुळे वर्षभर शिकार चालू असते आणि दिवसाला किती मारायचे याला मर्यादा नाही. संध्याकाळी झोपायच्या झाडांकडे परतणारे थवे आकाशात संपतच नाहीत, असं दृश्य मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही, ते खरंच बघण्यासारखं आहे.

पण हिशोब बघा. काडतुसांचा एक डबा २५ चा, म्हणजे हजार काडतुसं म्हणजे ४० डबे, एका दिवसात. एवढ्या वेळा दस्त्याचा धक्का खांद्यावर बसतो. पहिल्या दुपारी वडील लहान मुलासारखे खूश होते, दुसऱ्या दिवशी रात्री शर्ट काढला तर खांदा निळाजांभळा, तिसऱ्या दिवशी ते स्टुलावर बसून राहिले आणि मदतीला दिलेल्या पोराशी खुणांनी गप्पा मारत होते. आणि पॅकेजमध्ये बहुतेक ठिकाणी काडतुसं धरलेली नसतात, ती डब्यावर मोजून वेगळी लावतात. शेवटचं बिल ट्रिपच्या किमतीला येऊन भिडतं, ते बुक करतानाच लेखी विचारून घ्या.

तुमचे बाबा दोन-तीन पक्षी आणून थांबणारे आहेत. माझं स्पष्ट मत, त्यांना हे आवडणार नाही. तरी भावाचा हट्टच असेल तर बारा बोर नको, वीस किंवा अठ्ठावीस बोरची (बोरचा आकडा मोठा तितकी नळी बारीक) सेमी-ऑटोमॅटिक तिथेच भाड्याने घ्या, काडतुसाच्याच गॅसवर चालणारी असते तिचा धक्का बराच कमी बसतो. आणि मे ते जुलैमध्ये जा, तेव्हा तिथे थंडी असते आणि कुत्र्यांसोबत चालत पेर्दिसची शिकार मिळते. हा पक्षी तितरासारखा दिसतो पण आहे तिनामू कुळातला, गवतातून एकेकटा उठतो. वडिलांना अख्ख्या ट्रिपमधली ती एक सकाळ सगळ्यात जास्त आवडली होती. हो, आणखी एक, ब्वेनोस आयरेसला आंतरराष्ट्रीय विमानं बहुतेक एसेसाला उतरतात आणि देशांतर्गत बरीचशी दुसऱ्या विमानतळावरून सुटतात, मध्ये सामानासकट अख्खं शहर ओलांडावं लागतं. गुडघा दुखणाऱ्या माणसाला लांबच्या प्रवासानंतर ते फार जड जातं. मध्ये एक रात्र मुक्काम ठेवाच.

धुकंआणिडोंगर:

स्कॉटलंडबद्दल मी सांगते. तिथे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला म्हणजे हाका. हाकारे लोक झेंडे हलवत माळावरून पक्षी उठवत आणतात आणि शिकारी ओळीने दगड-मातीच्या आडोशांमागे उभे असतात, साधारण आठ-नऊ जण. प्रत्येक हाक्यानंतर जागा बदलते. यात चालणं कमी, पण रेड ग्राउस, म्हणजे तिथल्या माळावरचा तितरासारखा पक्षी, माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून जमिनीला धरून सुसाट येतो, नवख्याला तो दिसेपर्यंत मागे गेलेला असतो. आणि खर्च म्हणाल तर पक्ष्यांच्या शिकारीत यापेक्षा महाग फारसं काही नसावं.

दुसरा प्रकार म्हणजे चालत, पक्ष्याचा वास आला की थबकून जागा दाखवणाऱ्या पॉइंटर किंवा सेटर कुत्र्यांच्या मागे. दिवसभर हेदरच्या झुडपांतून चढउतार, खाली ओलं, पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. मला स्वतःला तोच प्रकार जास्त आवडतो पण तुम्ही गुडघ्याचं लिहिलंय म्हणून काळजी वाटते.

सीझन १२ ऑगस्टला उघडतो आणि १० डिसेंबरला बंद. ग्राउस हा पूर्ण रानटी पक्षी, फेजंटसारखा वाढवून सोडत नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यात मोजणी करतात आणि पिल्लं कमी निघाली तर दिवस रद्द होतात. आमचं एकदा तिकिटं काढून झाल्यावर रद्द झालं होतं, पैसे परत मिळाले पण विमानाचे गेले ते गेलेच. बुक करताना रद्द झालं तर काय, हा प्रश्न आधी विचारा. त्यापेक्षा इंग्लंडमध्ये फेजंट जास्त भरवशाचा, १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. फक्त तिथे रविवारी शिकार कायद्याने बंद आहे, सुट्टीचे दिवस मोजताना ते धरा.

रानहळद:

दोघांचेही खूप आभार. खांद्याचं वाचून भावाला लगेच पाठवलं, तो जरा गप्प झालाय. गुडघ्यामुळे स्कॉटलंडचं चालणं जमणार नाही हे मलाही पटतंय. मग फेजंटचा हाका बघू का?

माळरान_सात:

ताई, जरा थांबा, ठिकाणाआधी मला एक विचारायचंय. कुत्रा गेल्यापासून बाबांचं जाणं कमी झालं असं तुम्ही सहज लिहून गेलात, सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतंय मला. काही माणसांना नेमबाजी आवडते, काहींना मित्रांसोबतचा दिवस, आणि काहींना कुत्र्याचं काम बघायला आवडतं, बंदूक फक्त निमित्त. हाक्यात कुत्रे असतात पण ते मागे, पडलेले पक्षी उचलायला. बाबांचा कुत्रा काय करायचा? पॉइंट धरायचा का, म्हणजे लपलेल्या पक्ष्यासमोर थबकून उभा राहायचा का?

तसं असेल तर अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या दक्षिणेला, थॉमसव्हिल आणि ऑल्बनीच्या आसपास, बॉबव्हाइट क्वेलची शिकार बघा. क्वेल म्हणजे आपल्या लाव्यासारखाच, मुठीएवढा पक्षी. तिथली पद्धत मला फार आवडली. खेचरं जोडलेली गाडी असते, तिच्यावर बाकं, खाली कुत्र्यांचे खण. पाइनच्या विरळ जंगलातून गाडी सावकाश चालते, खालचं गवत दर एक-दोन वर्षांनी मुद्दाम जाळून मोकळं ठेवलेलं असतं त्यामुळे लांबवर दिसतं. पुढे दोन पॉइंटर वाऱ्यावर नाक धरून सुसाट पळत असतात. आणि मग एकदम एक थबकतो. शेपूट ताठ, एक पाय वर, अंगावरचा केस हलत नाही, आणि दुसरा कुत्रा ४० पावलांवरून त्याला बघून तोही तसाच थिजतो. गाईड हात वर करतो. तेव्हाच खाली उतरायचं, थव्याजवळ एका वेळी दोनच बंदुका जातात, ३०-४० पावलं चालायची. सगळं इतकं शांत असतं की स्वतःचा श्वास ऐकू येतो, आणि पायाजवळून दहा-बारा पक्षी एकदम फर्रकन फुटतात. दोन बार झाले की संपलं. गाडीवर बसलेला कॉकर स्पॅनियल उडी मारून पडलेले पक्षी गोळा करून आणतो. परत गाडीवर बसायचं.

माझ्या सासऱ्यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली होती, त्यांनी पूर्ण दोन दिवस केलं. तुम्हीही गाडीवर बसून सगळं बघू शकता, नेम येत नसला तरी काही बिघडत नाही. रानातल्या क्वेलचा सीझन नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. पक्षी रानातले की वाढवून सोडलेले हे मात्र नक्की विचारा, दोन्ही प्रकार चालतात, आणि सोडलेले पक्षी आळसावल्यासारखे उडतात, ३० वर्षं शिकार केलेल्या माणसाला ते लगेच कळतं.

ठसा:

कागदांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. शक्यतो बंदूक नेऊ नका, मी नेली होती आणि मधल्या विमानतळावर दुसऱ्या विमानात सामान चढवताना पेटी मागे राहिली, दोन दिवस उसन्या बंदुकीने गेले आणि सगळा वेळ जीव त्या पेटीत. न्यायचीच असेल तर कुलूपवाली कडक पेटी, बंदूक रिकामी, विमान कंपनीला आधी कळवून परवानगी, काडतुसं वेगळी आणि माणशी ५ किलोच्या वर नाहीत. जिथे विमान बदलता त्या देशाचेही नियम बघावे लागतात, हे लोक विसरतात.

ब्रिटनमध्ये स्वतःची न्यायची तर व्हिजिटर परमिट लागतं आणि त्यासाठी तिथल्याच कुणीतरी पोलिसांकडे तुमच्या वतीने अर्ज करावा लागतो. खासगी जागेत मालकाची उसनी घेऊन, त्याच्या समोर वापरायला मात्र परमिट लागत नाही, आयोजक ते जमवतात. अमेरिकेत बंदूक न्यायची तर एटीएफचा (बंदुकांवर देखरेख ठेवणारं तिथलं सरकारी खातं) ६ एनआयए फॉर्म आधी मंजूर करून घ्यायचा. आणि हे नीट वाचा, टुरिस्ट व्हिसावर गेलात तर तिथली उसनी बंदूक हातात घ्यायलाही वैध हंटिंग लायसन्स लागतं, ते बाबांच्या नावाने आधी ऑनलाइन काढून खिशात ठेवा.

दुसरं छर्ऱ्यांचं. युरोपियन युनियनमध्ये १५ फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागांत आणि त्यांच्या १०० मीटरच्या आत शिशाचे छर्रे बंद आहेत, डेन्मार्कमध्ये तर १९९६ पासून सगळीकडेच. पाणबदकं शिसं गिळून मरतात म्हणून. बाबांची जुनी दुनळी फुल चोकची, म्हणजे नळी तोंडाशी जास्त अरुंद केलेली, असेल तर तिच्यातून स्टीलचे छर्रे उडवू नका, नळीचं तोंड फुगतं. बिस्मथ धातूचे छर्रे चालतात पण महाग. भाड्याच्या बंदुकीत ही कटकटच नाही.

आणि कान. शॉटगनचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, आधीच एका कानाने कमी ऐकू येतंय तर इलेक्ट्रॉनिक इअरमफ आत्ताच घेऊन द्या, बोलणं ऐकू येतं आणि बार दाबला जातो. डोळ्यांना चष्मा. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये शिकार वगळलेली असते बरेचदा, आणि बीपी लपवू नका, फॉर्मवर लिहा.

रानहळद:

माळरान_सात, तुमचा प्रश्न वाचून रात्री मी बाबांना सरळच विचारलं. सरप्राइजचा विचार सोडला. म्हटलं बाबा, इतक्या वर्षांतला कुठला दिवस अजून आठवतो? मला वाटलं एखादं मोठं बदक वगैरे सांगतील. तर म्हणाले, पावसाळी सकाळ होती, कुत्र्याने झुडपासमोर पॉइंट धरला, मी दहा मिनिटं नुसता बघत उभा राहिलो, बंदूक उचललीच नाही, शेवटी त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं. एवढंच. मग उठून आत गेले आणि कपाटातून त्याचा जुना पट्टा आणि शिट्टी घेऊन आले, त्यांनी ती जपून ठेवलीय हे मला माहीतच नव्हतं.

भावाला फोन केला, तोही लगेच हो म्हणाला. आता पुढच्या जानेवारीत जॉर्जिया बघतोय, रानातल्याच क्वेलचं, चार दिवस, त्यातले दोनच शिकारीचे. बंदूक तिथलीच घेऊ, वीस बोरची. इअरमफ मागवले. एकच विचारायचं राहिलं, तिथे पाहुण्यांना कुत्र्यांजवळ जाऊ देतात का? म्हणजे खणातून सोडताना, पाणी पाजताना वगैरे?

माळरान_सात:

कामाच्या मध्ये नाही, कुत्र्याचं लक्ष गाईडवरच हवं. पण आधी विचारून ठेवलं तर सकाळी कुत्रे गाडीत चढवताना आणि संध्याकाळी पाणी पाजताना, पायातले काटे काढताना बहुतेक गाईड आनंदाने सोबत घेतात. बुकिंगच्या मेलमध्ये पहिल्याच ओळीत लिहा की बाबांनी ३० वर्षं कुत्र्यासोबत शिकार केलीय आणि त्यांना कुत्र्यांसाठीच यायचंय. शिट्टी बॅगेत ठेवू द्या, तिथे वाजवायची मात्र नाही, त्या कुत्र्यांना वेगळ्या खुणा शिकवलेल्या असतात.

रानहळद:

आत्ताच मेल पाठवला, पहिल्या ओळीत तेच लिहिलंय. उत्तर आलं की इथे टाकते.