शेजारच्या ह्मोंग आजींनी विचारलं, "तुझी वार कुठे पुरलीय?"

कृष्णाकाठ:
अमेरिकेत, मिनेसोटातल्या सेंट पॉलला येऊन दोन वर्षं झाली. शेजारच्या आजी ह्मोंग, म्हणजे लाओसच्या डोंगरातल्या जमातीच्या. त्या परसात मिरच्या, कोथिंबीर, गवती चहा लावतात आणि न सांगता पिशवी आमच्या दाराला अडकवून जातात. मला सातवा लागलाय. परवा पोटाकडे बघत त्यांनी काहीतरी विचारलं. नातीनं अडखळत सांगितलं, "तुझी वार (प्लासेंटा) कुठे पुरली होती?" मी सांगलीला आईला फोन लावला. "दवाखान्यातच टाकली असेल, तेव्हा कोण विचारतंय!" हे ऐकून आजींचा चेहरा असा उतरला, जसं काही माझं घरच बुडालं. काही चुकीचं बोलले का मी?

बर्फातला_मालवणी:
चुकलं काही नाही. वार म्हणजे त्यांच्या लेखी माणसाचा पहिला अंगरखा. मुलाची घराच्या मुख्य खांबाशी पुरायची, मुलीची आईबापाच्या पलंगाखाली. मेल्यावर जीव राहिलेली गावं उलटी चालत जन्मघरी जातो, अंगरखा घालतो आणि मग पूर्वजांकडे. ऑफिसातल्या एकाच्या वडिलांच्या अंत्यविधीला गेलो होतो, तीन दिवस चालला. जीवाला वाट दाखवणारा गात होता, त्यात मध्येच 'फ्रेझ्नो' हे कॅलिफोर्नियातलं शहर ऐकू आलं! मग बान विनाई, ही थायलंडमधली छावणी. वांग पाओ या ह्मोंग सेनापतीच्या फौजेत ही माणसं सीआयएसाठी लढली. १९७५ साली लाओस कम्युनिस्टांकडे गेल्यावर मेकाँग ओलांडून पळाली. कित्येक जण नदीतच गेले.

रात्रपाळी:
बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स आहे. काही ह्मोंग घरं वार मागून नेतात. पण तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधला माणूस पुरणार कुठे? त्यात इथली जानेवारीतली जमीन, पहार मारली तरी ठिणगी उडेल. आणि आपण तरी काय, "इथे काय तुझी नाळ पुरलीय?" म्हणतोच की.

कृष्णाकाठ:
काल चहाला बोलावलं. आजींची वार लाओसमधल्या शिएंग खुआंगच्या डोंगरात आहे, ती वाट त्यांना पाठ आहे. घोर धाकट्या मुलाचा. तो बान विनाईत जन्मला, वार तिथल्याच झोपडीत पुरली. ती छावणी १९९२ सालीच बंद झाली. "तो कुठलं दार ठोठावेल?" असं म्हणून बराच वेळ कप नुसता हातात धरून बसल्या.

निघताना माझी तारीख विचारली. ऑक्टोबर म्हटल्यावर खूश. तेव्हा जमीन मऊ असते म्हणे, फावडं त्या देतील.

घर भाड्याचं आहे, हे अजून सांगितलेलं नाही.