प्रशिक्षण-विमानासाठी ग्लो इंजिन : नवे की वापरलेले?

प्रश्न : बाल्सा लाकडाचे, सुमारे दीड मीटर पंखविस्ताराचे, उडवायला शिकण्यासाठीचे मॉडेल प्रशिक्षण-विमान बांधून होत आले आहे. त्यासाठी वापरलेले ग्लो इंजिन (तापलेल्या तारेच्या ग्लो प्लगने इंधन पेटवणारे छोटे इंजिन) घेताना नेमके काय पाहावे, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : ०.४६ घनइंचाचे, म्हणजे साधारण ७.५ सीसीचे, बॉल बेअरिंगचे इंजिन पाहावे. ग्लो प्लग बसवून प्रोपेलर हाताने सावकाश फिरवावा. एबीसी प्रकारच्या, म्हणजे क्रोमचा मुलामा दिलेल्या पितळी स्लीव्हच्या (ज्यात पिस्टन सरकतो त्या नळीच्या) इंजिनात, ते थंड असताना पिस्टन वरच्या टोकाला किंचित अडकला पाहिजे. तो विनासायास निसटला, तर इंजिन झिजले आहे असे समजावे. मागचे झाकण उघडून बेअरिंगवर गंज आहे का, हेही पाहावे.

दुसरे उत्तर : त्याआधी इंधनाची सोय पाहा. ग्लो इंजिनाच्या इंधनात मुख्यतः मिथेनॉल असते; ते विषारी आणि ज्वालाग्राही असल्याने सहजासहजी दुकानात मिळत नाही, कुरिअरवाले तर सहसा हातही लावत नाहीत.

प्रश्नकर्ता : मग डिझेल इंजिन चालेल का?

उत्तर : त्याला ग्लो प्लग लागत नाही, वरच्या स्क्रूने दाब जुळवता येतो, मात्र इंधनात रॉकेल आणि एरंडेलाबरोबर ईथर लागते, आणि ते मिळवणेही तितकेच कटकटीचे आहे.