ओढ्यापलीकडची पर्ल: प्रतीक की मूल?

राजारामपुरी_वाचक (प्रश्न)

गेल्या दोन महिन्यांपासून आम्ही काही जण दर रविवारी सकाळी एकत्र बसून नथॅनिएल हॉथॉर्न यांची ‘द स्कार्लेट लेटर’ वाचत आहोत. ही कादंबरी १८५० साली प्रसिद्ध झाली. आपल्या कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिराची स्थापनाही त्याच वर्षीची, हे लक्षात आल्यापासून मला या पुस्तकाबद्दल थोडी अधिकच जवळीक वाटू लागली आहे.

कादंबरीची नायिका हेस्टर हिला विवाहबाह्य संबंधातून मूल झाल्याबद्दल जुन्या बॉस्टन गावात छातीवर लाल ‘ए’ अक्षर कायम वागवण्याची शिक्षा होते. माझा प्रश्न तिच्या त्या मुलीविषयी, म्हणजे पर्लविषयी आहे. मी महाविद्यालयात शिकवतो आणि ‘पर्ल हे पापाचे जिवंत प्रतीक आहे’ हे वाक्य दरवर्षी शेकडो उत्तरपत्रिकांत वाचतो. परंतु रानातल्या प्रसंगाशी मी अडखळलो. सात वर्षांनंतर हेस्टर छातीवरचे ते लाल ‘ए’ अक्षर काढून फेकते, केस मोकळे सोडते, आणि ओढ्याच्या पलीकडे उभी असलेली पर्ल मात्र तिच्याकडे यायला नकार देते, बोट दाखवत राहते, हातपाय आपटून आक्रोश करते. आईने अक्षर पुन्हा लावल्यावरच ती उडी मारून अलीकडे येते. ही आईला होणारी शिक्षा समजायची, की बावरलेल्या मुलीचा हट्ट?

पंचगंगाकाठ

सर, मला तो हट्टच वाटतो, आणि तो हट्ट आहे म्हणूनच प्रतीक म्हणूनही खरा वाटतो. पर्लने जन्मापासून आईला त्या अक्षराशिवाय कधी पाहिलेलेच नाही. तान्ह्या वयात तिचे लक्ष सर्वांत आधी वेधले ते त्या चकाकत्या भरतकामानेच, असे लेखकाने सांगितले आहे. ज्या खुणेने मूल आईला ओळखते ती खूण अचानक नाहीशी झाली आणि शेजारी एक परका पुरुष बसलेला दिसला, तर कोणतेही मूल तसेच वागेल.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती पर्लची एकच मागणी, जी ती पुन्हा पुन्हा करते. मध्यरात्री शिक्षेच्या चौथऱ्यावर ती गावचे धर्मगुरू डिम्सडेल यांना, म्हणजे आपले पितृत्व लपवून ठेवणाऱ्या तिच्या वडिलांना, विचारते की, उद्या भर दुपारी तुम्ही आई आणि माझ्यासोबत इथे उभे राहाल का. रानातही ती विचारते की, हे आमचा हात धरून गावात येतील का. दोन्ही वेळा नकार मिळतो, आणि रानात त्यांनी कपाळाचे घेतलेले चुंबन ती ओढ्यावर जाऊन धुऊन टाकते. शेवटी भर दिवसा, साऱ्या गावासमोर ते तिचा हात धरून चौथऱ्यावर उभे राहतात, तेव्हा त्यांनी विचारताच ती त्यांचे चुंबन घेते आणि तिच्या डोळ्यांतून अश्रू वाहतात. वडिलांनी चारचौघांत आपले म्हणावे एवढेच तिला हवे होते, आणि ते मिळाल्याक्षणी तिच्यावरचे प्रतीकाचे ओझे उतरते.

कशिदा_आणि_पुस्तके

मी साहित्याची विद्यार्थिनी नाही. गेली वीस वर्षे भरतकाम करते, म्हणून मी पर्लकडे तिच्या कपड्यांवरून पाहते. हेस्टर स्वतः जाडेभरडे, उदास रंगाचे कापड नेसते आणि आपली सगळी कला मुलीच्या पोशाखावर ओतते. गव्हर्नर बेलिंगहॅमच्या घरी जाताना तीन वर्षांच्या पर्लच्या अंगावर सोनेरी धाग्याने भरलेला किरमिजी मखमलीचा अंगरखा असतो. आईच्या छातीवरचे अक्षरही लाल कापडावर सोनेरी धाग्यानेच भरलेले आहे, म्हणजे आईने तेच अक्षर मुलीच्या मापाने पुन्हा शिवले आहे.

मखमलीवर जरीकाम केले की आतल्या बाजूने धातूची तार टोचते. मुलांच्या कपड्यांना मी नेहमी मऊ सुती अस्तर लावते, नाहीतर मूल सारखे गळ्याशी ओढत राहते आणि काखेत लाल वळ उठतात. पर्लच्या अंगावरचा तो पोशाख वाचताना मला हेच आठवत राहिले. आईने तो मायेने शिवला आहे यात मला शंका नाही, पण तिला गावाला जे सांगायचे होते ते त्या लेकराच्या अंगावरून सांगितले गेले, आणि टोचणी लेकराला सोसावी लागली.

अभ्यासक_करवीर

ताईंचे निरीक्षण मनापासून आवडले. तरी एक मतभेद नोंदवतो. पर्ल म्हणजे सजीव झालेले ते अक्षरच, असे निवेदक स्वतः म्हणतो, त्यामुळे तिचे प्रतीक असणे केवळ गावाच्या नजरेवर ढकलता येणार नाही. तिचे नावही बायबलमधल्या त्या मोलवान मोत्यावरून आले आहे, ज्यासाठी व्यापारी आपले सर्वस्व विकतो. मात्र तुला कोणी निर्माण केले असे धर्मगुरू विल्सन विचारतात, तेव्हा शिकवलेले उत्तर पाठ असूनही ती सांगते की, तुरुंगाच्या दाराशी असलेल्या रानगुलाबाच्या झुडपावरून आईने मला खुडले. प्रतीकाचे दुसरे, स्वतःचे उत्तर ती तिथे देते, आणि ते पापाचे नाही.

राजारामपुरी_वाचक

सर्वांचा आभारी आहे. येत्या रविवारी ओढ्याचे प्रकरण आम्ही पुन्हा मोठ्याने वाचणार आहोत. उत्तरपत्रिकांतल्या त्या वाक्यापुढे यापुढे मी ‘आणि शेवटी?’ एवढे लिहिणार आहे. कारण शेवटच्या प्रकरणात पर्ल दूर परदेशी आहे आणि बॉस्टनला परतलेल्या हेस्टरसाठी कुलचिन्हे असलेल्या शिक्क्यांची पत्रे येतात. प्रतीक म्हणून तिचे तिथे काहीच काम उरलेले नाही.

कशिदा_आणि_पुस्तके

सर, त्याच प्रकरणात हेस्टर एका बाळासाठी झबले भरताना गावकऱ्यांना दिसते, इतक्या श्रीमंत, सोनेरी कल्पनेने भरलेले की त्या करड्या गावात तसे नटलेले मूल कोणी आणले असते तर गहजब झाला असता. ती ओळ मी दोनदा वाचली. या वेळी ते कुणाला दाखवण्यासाठी नव्हते, म्हणून तिने आतून अस्तर नक्कीच लावले असेल, असे मला वाटते.