मदत हवी आहे: पृष्ठं समांतर आली की जीजेकेचं (दोन आकारांमधलं अंतर काढण्याच्या पद्धतीचं) लूप थांबत नाही

कशाही तिरक्या ठेवलेल्या दोन ठोकळ्यांमधलं किमान अंतर काढतोय. आधी फक्त शिरोबिंदूंच्या जोड्या तपासल्या, पण ते चुकीचं निघालं. दोन कडा फुलीसारख्या समोरासमोर आल्या की सर्वांत जवळचे बिंदू कडांवर मध्येच कुठेतरी असतात.

मग कड-कड अशा १४४ आणि शिरोबिंदू-पृष्ठ अशा ९६ जोड्या घेतल्या. ठोकळे एकमेकांत घुसलेले नसले की उत्तर बरोबर येतं. पण पुढे शेकडो शिरोबिंदूंचे बहिर्वक्र (कुठेही आत खळगा नसलेले) आकार घ्यायचे आहेत, तिथे हे फार हळू चालेल. म्हणून गिल्बर्ट, जॉन्सन आणि कीर्ती यांची १९८८ची जीजेके पद्धत लिहिली. एका आकाराच्या बिंदूंतून दुसऱ्याचे बिंदू वजा करून जो आकार होतो, त्याचं आरंभबिंदूपासूनचं अंतर हेच उत्तर. आणि तो आकार अख्खा बांधावाही लागत नाही, हव्या त्या दिशेचं टोक मिळालं की पुरे. ही कल्पना मला फारच आवडली.

पण पृष्ठं समांतर असली की तेच शिरोबिंदू आलटून पालटून येत राहतात, सापडलेल्या चार टोकांचा जो चतुष्फलक पद्धत हाताशी ठेवते तो चपटा होतो आणि त्याचं घनफळ मोजणारा निश्चयक (डिटरमिनंट) शून्याला टेकतो. अंतरातला बदल ०.०००००१ पेक्षा कमी झाला की थांबायचं, अशी अट आहे. बिंदूंचे निर्देशक १०,००० च्या आसपास, ३२ बिटी फ्लोटमध्ये (३२ बिटांत साठवलेल्या दशांश संख्यांत). अट सैल केली तर लूप थांबतं, पण ठोकळे अगदी जवळ असताना उत्तर २४० जोड्यांच्या उत्तराशी जुळत नाही. काय चुकतंय?

प्रतिसाद १

१०,००० जवळ ३२ बिटी फ्लोटच्या लगतच्या दोन किमतींतच सुमारे ०.००१ चं अंतर असतं. तुमची अट त्याहून हजारपट बारीक आहे. दोन्ही आकार आधी आरंभबिंदूजवळ सरकवा, शक्य असेल तर डबल (६४ बिटी फ्लोट) वापरा.

थांबण्याची अटही बदला. सध्याचा सर्वांत जवळचा बिंदू ‘प’ आणि त्याच्या उलट दिशेला सापडलेलं नवं टोक ‘न’ धरा. खरं अंतर (प·न) भागिले ‘प’ची लांबी याहून कमी असूच शकत नाही (‘·’ म्हणजे सदिशांचा बिंदू गुणाकार). म्हणून प·प − प·न हे प·प च्या ०.०००१ पटीहून कमी झालं की थांबा, चूक ०.०१ टक्क्याच्या आत राहते. ‘न’ आधीच्या बिंदूंपैकीच निघाला तरी थांबा, कारण त्यापुढे सुधारणा होत नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार! सरकवल्यावर आणि ‘न’ची तपासणी घातल्यावर समांतर पृष्ठांचीही उत्तरं २४० जोड्यांशी जुळली. फक्त जवळच्या बिंदूंची जोडी दर वेळी वेगळी येते.

प्रतिसाद १

समांतर पृष्ठांत तशा जोड्या असंख्य असतात. अंतर तेच येतंय ना? मग कोड बरोबर आहे.