तरसाळीचं विमान-रेस्टॉरंट: हे खरंच कंदाहारवालं विमान आहे का?

दांडियाबाजारवाली
मंडळी एक शंका. आपल्या बडोद्यात तरसाळी बायपासवर ते विमानातलं रेस्टॉरंट आहे ना, तिथे पुतण्याचा बड्डे केला आणि ऐन जेवणात आमच्या मोठ्या भावजींनी सांगून टाकलं की हे तेच अपहरण करून कंदाहारला नेलेलं विमान, भंगारात निघालं आणि ह्यांनी उचललं. सासूबाईंनी सूपच बाजूला सारलं. भावजींना तोंडावर कोण खोडून काढणार, पण मला काही पटत नाहीये. त्या विमानाचं पुढे काय झालं? आणि आपल्याकडे उभं आहे ते आधी कुणाचं होतं हे शोधायचं कसं?

हरणी_रनवे
छे हो, ते नव्हेच. तरसाळीचं एअरबस कंपनीचं ए३२० मॉडेल आहे, कंदाहारचं त्यांचंच ए३०० होतं. नावं सारखी वाटतात पण आत पाय टाकला की कळतं, ए३०० मध्ये चालायला दोन वाटा आणि एका रांगेत आठ सीटा. तुम्ही जेवलात तिथे मधोमध एकच वाट होती ना, मग विषय संपला.

कंदाहारवाल्याचं रजिस्ट्रेशन व्हीटी-ईडीडब्ल्यू, कारखान्याचा नंबर ०३६, इंडियन एअरलाइन्सकडे आलं १९७६ ला. ए३२० पहिल्यांदा उडालंच १९८७ ला. अपहरण झालं तेव्हा कंदाहारवालं २३ वर्षं जुनं झालेलं, कॉकपिटात अजून तिसरा माणूस लागायचा, फ्लाइट इंजिनियर. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला निघालं ते अमृतसर, लाहोर, दुबई करत दुसऱ्या दिवशी सकाळी कंदाहारला. लाहोरला तर रनवेचे दिवे बंद केलेले, तेल संपत आलेलं, कॅप्टन देवी शरण अंधारात उतरायला गेले आणि खाली रनवे नाही तर रस्ता निघाला, अगदी शेवटच्या घडीला वर उचललं. मला विचाराल तर त्या विमानाच्या आख्ख्या आयुष्यातली सगळ्यात अवघड वेळ तीच, कंदाहारपेक्षाही. ३१ ला लोक सुटले, विमान परत आलं, आणि २००३ मध्ये मुंबईत तोडलं. कापून भंगार केलं, टेबलं मांडायला काही शिल्लक नाही.

सुरसागर७१
मी तर बंगळूरला पडलेलं विमान म्हणून ऐकलंय! आणलं बंगळूरहून असं पेपरात पण होतं

हरणी_रनवे
बंगळूरहून आणलं म्हणून पडलेलंच आणलं असं थोडंच आहे काका 😀 पडलेलं ते व्हीटी-ईपीएन, १४ फेब्रुवारी १९९०, रनवेच्या अलीकडेच गोल्फ कोर्सवर आपटलं आणि जळालं, १४६ पैकी ९२ गेले. जेमतेम दोन महिन्यांचं नवं ए३२० होतं. त्यानंतर इंडियन एअरलाइन्सची सगळीच ए३२० काही महिने जमिनीवर बसवली होती.

रावपुरा_मेकॅनिक
शोधायचं असेल तर रंगावर आणि बाहेर लिहिलेल्या नावावर जाऊ नका, ते सगळं नवीन. रजिस्ट्रेशन म्हणजे गाडीची नंबरप्लेट, मालक किंवा देश बदलला की बदलू शकते, पण कारखान्याचा सीरियल नंबर चॅसी नंबरसारखा जन्मभर तोच. पुढच्या डाव्या दाराच्या चौकटीत धातूची छोटी पट्टी असते त्याच्यावर कोरलेला असतो, पण विमान मोडीत काढताना ही पट्टी बऱ्याचदा काढून घेतात, म्हणून कॉकपिटात डोकावू दिलं तर पॅनेलवर रजिस्ट्रेशनची पण एक चिठ्ठी चिकटवलेली असते ती बघा.

आणि अजून एक, माझी आवडती खूण. इंडियन एअरलाइन्सने सुरुवातीला घेतलेल्या ए३२० ला मुख्य चाकं वेगळी मागवलेली, एका पायाला दोनाऐवजी चार, कारण आपल्याकडचे काही रनवे तेवढे भक्कम नव्हते, वजन जास्त चाकांवर पसरावं म्हणून. एका पायाला चार दिसली तर ते जुनं इंडियन एअरलाइन्सचं समजा. दोन असली तर कुणाचंही असू शकतं, मग पट्टीशिवाय इलाज नाही.

दांडियाबाजारवाली
अरे वा, हे मस्तच. फोटो काढून बघितले पण सगळ्यात पुतण्याच मध्ये उभा आहे, पुढचं एक चाक तेवढं दिसतंय. तिथे दोनच आहेत, मग इंडियन एअरलाइन्सचं नाही?

रावपुरा_मेकॅनिक
नाकाखालचं नका बघू ताई, तिथे सगळ्याच ए३२० ला दोन असतात. पंखाखालची मोजा.